बारसं करणारा म्हणजे जनक नव्हे

‘समाजशास्त्राचा जनक कोण?’ एक गुण, चार पर्याय. कनिष्ठ महाविद्यालयातल्या चाचणीपासून सेट-नेटच्या तयारीपर्यंत हा प्रश्न विद्यार्थ्याची पाठ सोडत नाही, आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं: ऑगस्त काँत. मी पदवीच्या वर्गाला बावीस वर्षं हा विषय शिकवला आणि दर जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात हे वाक्य फळ्यावर लिहिलं. आज मला ते चुकीचं वाटतं. ते अपुरं आहे, थोडी डागडुजी केली की चालेल, असं म्हणून भागणार नाही.

गेल्या काही वर्षांत हॅरिएट मार्टिनो, डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस, डॉ. बाबासाहेब आंबेडकर ही नावं सुरुवातीच्या विचारवंतांमध्ये घ्यावीत, अशी मागणी होऊ लागली. तिच्यावर आमच्याच विषयातली जाणती मंडळी एक आक्षेप घेतात. मार्टिनो फक्त अनुवादक होती, डुबॉइस फक्त आपल्या लोकांचा कैवारी होता, आंबेडकर फक्त चळवळीचे नेते होते. शास्त्राचा पाया काँत, मार्क्स, डरखाइम आणि वेबर यांनी घातला, बाकीची नावं आजच्या राजकारणासाठी मागाहून चिकटवली जात आहेत, असा तो आक्षेप. त्यामागे पुष्कळदा प्रामाणिक काळजी असते. इतिहास सोयीनुसार बदलू नये, असं त्यांना वाटतं. मलाही तसंच वाटतं. म्हणून या तीन ‘फक्त’ना उत्तर द्यायचं ते इतिहासातूनच.

आधी काँतचं श्रेय मोकळ्या मनाने देऊन टाकू. १७९८ साली माँपेलियेला जन्मलेला हा माणूस फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या उलथापालथीत वाढला. समाजही नियमांनी चालतो, आणि ते नियम धर्मग्रंथांत किंवा तत्त्वज्ञाच्या कल्पनेत न शोधता निरीक्षणातून शोधायचे असतात, हे त्याने ठासून सांगितलं. समाजाची घडी कशी टिकते आणि समाज बदलतो कसा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही मांडणी त्याची. समाजाचा घटक सुटा माणूस नसून कुटुंब आहे, हेही त्याने सांगितलं. १८३० ते १८४२ या काळात निघालेले त्याच्या ग्रंथाचे सहा खंड ही मोठी बौद्धिक कामगिरी आहे, यात वाद नाही.

पण निरीक्षण करा असं सांगणं वेगळं आणि निरीक्षणाला जाणं वेगळं. त्या सहा खंडांत काँतने एका गावाची, एका गिरणीची, एका तुरुंगाची पाहणी केलेली नाही. माणसाची बुद्धी आधी देवाधर्मातून, मग अमूर्त तत्त्वांतून आणि शेवटी विज्ञानातून जगाचा अर्थ लावते, हा त्याचा तीन अवस्थांचा नियम युरोपच्या इतिहासाच्या वाचनातून निघाला. हा नियम चुकीचा असेल तर ते कशावरून कळेल, याची वाट त्याने दाखवली नाही.

आणि नावाचं म्हणाल, तर त्याची हकीकत शिकवली जात नाही, ती शिकवायला हवी. काँत आपल्या नव्या शास्त्राला आधी ‘सामाजिक भौतिकी’ म्हणत असे. १८३५ साली अडोल्फ केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथाच्या नावात हेच शब्द वापरले. जन्म, मृत्यू, गुन्हे, आत्महत्या यांचे आकडे वर्षामागून वर्षं जवळपास तेवढेच येतात, मग यातलं माणसाच्या इच्छेचं किती आणि समाजाचं किती, हा केटलेचा प्रश्न होता. काँतला ते रुचलं नाही. समाजाला संभाव्यतेचं गणित लावणंच त्याला मान्य नव्हतं. आपलं नाव दुसऱ्याने पळवलं म्हणून १८३९च्या चौथ्या खंडात त्याने लॅटिन आणि ग्रीक जोडून ‘सोसिओलॉजी’ हा नवा शब्द घडवला. म्हणजे ज्या नावासाठी आपण त्याला जनक म्हणतो, ते नाव आकडे मोजणाऱ्या माणसापासून फारकत घेण्यासाठी जन्माला आलं. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. तिचा मान मोठा असतो, तिला साडीचोळीही होते. पण म्हणून तिला कोणी आई म्हणत नाही.

याच सुमारास काँतने इतरांची पुस्तकं आणि वर्तमानपत्रं वाचणं जवळपास थांबवलं. आपल्या विचारांची शुद्धता राखण्यासाठी ही ‘मेंदूची स्वच्छता’ त्याला आवश्यक वाटत होती. पुढे जॉन स्टुअर्ट मिलशी त्याचा स्त्रियांच्या स्थानावरून पत्रांतून वाद झाला, तेव्हा स्त्रीचं दुय्यम स्थान निसर्गानेच ठरवलेलं आहे, हे त्याने कवटीच्या आणि मेंदूच्या त्या काळच्या तथाकथित शास्त्राचा आधार घेऊन मांडलं. समाजात जे घडतं त्याची कारणं समाजात शोधा, हा धडा देणारा माणूस इथे स्वतःचाच धडा विसरला.

त्याच्यानंतर आलेल्या ज्यांना आपण त्याचे वारस समजतो, त्यांनी त्याला काय मानलं? हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली काँतशी आपलं पटत नाही त्याची कारणं सांगणारं स्वतंत्र लेखन प्रसिद्ध केलं. मार्क्सने एंगेल्सला लिहिलेल्या पत्रात काँतला हेगेलपुढे कवडीमोल ठरवलं. एमिल डरखाइम तर काँतचा थेट मानसपुत्र म्हणून शिकवला जातो. पण १८९५ साली समाजशास्त्राच्या पद्धतीचे नियम सांगताना डरखाइमने दाखवून दिलं, की काँतने वस्तुस्थितीचा अभ्यास न करता ‘मानवजातीची प्रगती’ या आपल्याच कल्पनेचा अभ्यास केला. सामाजिक तथ्यांकडे वस्तू म्हणून पाहा, हा डरखाइमचा गाजलेला नियम काँतच्या या चुकीवरचं उत्तर होता. त्याच सुमारास बोर्दोला समाजवादावर व्याख्यानं देताना, काँतला मिळतो तो मान न्यायाने सॅं-सिमोंला मिळायला हवा, असं त्याने सांगितलं. हा सॅं-सिमों म्हणजे काँत ज्याच्याकडे सात वर्षं चिटणीस होता तो. जनकाला वारसांनीच नाकारलं आणि आपण मात्र त्याची तसबीर उतरवायला तयार नाही.

मार्क्स, डरखाइम आणि वेबर ही त्रयी तरी इतिहासाने आपोआप आपल्या हाती दिली का? मार्क्सने स्वतःला समाजशास्त्रज्ञ म्हटलं नाही. टॅल्कट पार्सन्सने १९३७ साली अमेरिकेत संस्थापकांची जी यादी मांडली, तिच्या मध्यभागी मार्शल, पारेतो, डरखाइम आणि वेबर होते. मार्क्सला तिथे तसं स्थान नव्हतं. आज आपल्याला सनातन वाटणारी त्रयी अँथनी गिडन्सच्या १९७१च्या पुस्तकानंतर पाठ्यपुस्तकांत पक्की बसली. रेविन कॉनेल यांनी १९९७ साली या यादीच्या घडणीचा इतिहासच लिहिला. तेव्हा नवी नावं ‘मागाहून चिकटवली’ हा आक्षेप घेणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की जुनी नावंही मागाहूनच चिकटवलेली आहेत. यादी करायचीच असेल तर कसोटी सांगा. माझी कसोटी साधी आहे. या माणसाने समाजाला उपदेश केला की प्रश्न विचारला? उत्तर कुठून आणलं, ते दुसऱ्याला तपासता येईल असं सांगितलं का? आणि कारण माणसांच्या परस्परसंबंधांत शोधलं, की देव, रक्त आणि निसर्ग यांच्यावर सोपवून दिलं?

आता पहिला ‘फक्त’. मार्टिनोने १८५३ साली काँतच्या सहा खंडांचा दोन खंडांत इंग्रजी गोषवारा केला, हे खरं आहे. तो इतका नेटका उतरला, की खुद्द काँतने मूळ ग्रंथाऐवजी तोच वाचावा असं आपल्या अनुयायांना सुचवलं, आणि पुढे तो परत फ्रेंचमध्ये भाषांतरित झाला. पण तारखा बघा. मार्टिनो १८३४ साली अमेरिकेला गेली. निघाली ती जहाजावरच एक पुस्तक लिहायला घेऊन: परक्या समाजाच्या रीती आणि नीती पाहायच्या कशा? ते १८३८ साली छापून आलं. काँतने नाव ठेवलं ते १८३९ साली आणि अनुवाद आला तो आणखी चौदा वर्षांनी. समाजाच्या अभ्यासाची पद्धत सांगणारं पुस्तक बाळाच्या बारशाआधी तयार होतं, आणि ते लिहिणाऱ्या बाईला आपण अनुवादक म्हणून ओळखतो.

त्या पुस्तकात काय आहे, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. नॉरिचच्या कापडाच्या धंद्यातल्या घरात १८०२ साली जन्मलेली ही मुलगी तरुणपणीच बहिरी झाली. घरचा धंदा बुडाल्यावर लेखणीवर पोट भरू लागली. कानाला तुतारी लावून ती लोकांशी बोलायची. कदाचित म्हणूनच, लोक काय बोलतात त्याआधी त्यांनी काय घडवून ठेवलंय ते बघा, हा तिचा पहिला नियम झाला. दफनभूमीतल्या शिळा वाचा, म्हणजे तिथले लोक मेलेल्यांमधले कोणते गुण वाखाणतात ते कळेल. त्यांची गाणी ऐका. तुरुंग बघा, दानधर्म कोणाला होतो ते बघा, बाजार बघा, लग्नं कशी ठरतात ते बघा. एखाद्या समाजातल्या आत्महत्या कोणत्या प्रकारच्या आहेत, त्यावरून त्या समाजाच्या नीतीचा अंदाज बांधा, हेही तिने लिहिलं आहे. डरखाइमचा आत्महत्येवरचा ग्रंथ १८९७ साली आला. मी डरखाइमला कमी लेखत नाही; हजारो नोंदींची त्याने केलेली वर्गवारी आणि त्यातून मांडलेला सिद्धान्त मार्टिनोच्या नोंदींच्या कितीतरी पुढे जातो. पण प्रश्न आधी कोणी विचारला, हे सांगायला नको?

१८३७ साली आलेल्या अमेरिकन समाजावरच्या तिच्या तीन खंडांत एक पद्धत आहे. एखाद्या समाजाला आपल्या मोजपट्टीने मोजू नका, त्याने स्वतः जाहीर केलेल्या आदर्शाने मोजा. शासित लोकांच्या संमतीवर सरकारचा अधिकार उभा राहतो, असं अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात म्हटलं आहे. मग गुलामांची संमती कोणी घेतली? स्त्रियांची कोणी घेतली? स्त्रिया राजकीयदृष्ट्या अस्तित्वातच नाहीत, अशा अर्थाचं एक प्रकरणच तिने लिहिलं. १८३५ साली बोस्टनमध्ये गुलामगिरीविरोधी सभेत ती बोलली आणि त्यानंतर तिला धमक्या आल्या, पण पुस्तकातला एकही निष्कर्ष तिने मऊ केला नाही. अलेक्सी द तोकव्हिल त्याच देशात १८३१-३२ मध्ये नऊ महिने फिरला. त्याच्या ग्रंथाला अभिजाततेचा मान आहे, आणि तो योग्यच आहे. मार्टिनो जवळपास दोन वर्षं फिरली, घराघरांत राहिली, स्वयंपाकघरांत आणि मुलांच्या खोल्यांत गेली, जिथे पुरुष प्रवाशाला प्रवेश नसे. तिचं नाव मात्र काँतच्या प्रकरणातल्या तळटीपेत.

दुसरा ‘फक्त’ डुबॉइसचा. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय, बर्लिनला श्मोलरच्या हाताखाली शिकून आलेला हा तरुण १८९६ साली फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात बायकोसह राहायला गेला. तिथल्या विद्यापीठाने त्याला पद दिलं, पण शिकवायला वर्ग दिला नाही. त्याने सुमारे अडीच हजार कुटुंबांच्या दारात स्वतः जाऊन प्रश्नावल्या भरल्या. कोण कुठून आलं, किती वर्षं झाली, काम काय, भाडं किती, कोणत्या कारखान्याने दारातून परत पाठवलं. त्याने वॉर्डाचा घरागणिक नकाशा केला आणि घरं वर्गानुसार रंगवली. ज्याला सगळे ‘काळ्यांची वस्ती’ म्हणत होते, तिच्या आत किती थर आहेत, हे त्या नकाशात दिसलं. गरिबी आणि गुन्हे हे वंशाचे गुण नाहीत. गुलामगिरीचा वारसा, दक्षिणेतून झालेलं स्थलांतर, बंद केलेले रोजगार आणि चढी भाडी यांतून ते घडतात, हे १८९९ साली त्याने आकड्यांनिशी मांडलं. अमेरिकेतले नामवंत प्राध्यापक तेव्हा वंशांची चढती भाजणी शिकवत होते.

त्याची योग्यता ओळखली मॅक्स वेबरने. १९०४ साली वेबर अमेरिकेला गेला, डुबॉइसला भेटला आणि आपल्या नियतकालिकासाठी त्याच्याकडून लेख मागवला. तो १९०६ साली जर्मनमध्ये छापून आला. ज्या वेबरला आपण संस्थापक मानतो, त्याने ज्याला आपल्या बरोबरीचा मानलं, त्याला यादीत घ्यायला आपण कचरतो.

तो चळवळीत होता म्हणून? होता. १८९९ साली जॉर्जियात सॅम होझ नावाच्या कृष्णवर्णीयाला जमावाने जाळून मारलं आणि त्याच्या बोटांची हाडं अटलांटातल्या दुकानात मांडली गेली. ते कळल्यावर, माणसं अशी मारली जात असताना निवांत शास्त्रज्ञ होऊन राहता येणार नाही, असं डुबॉइसला वाटलं. पण मग हीच अट सगळ्यांना लावा. मार्क्सने कामगारांची आंतरराष्ट्रीय संघटना चालवली. डरखाइम ड्रायफसच्या बाजूने जाहीरपणे उभा राहिला. वेबर वायमार राज्यघटनेच्या सल्लामसलतीत होता. त्यांच्या सार्वजनिक जीवनाला आपण त्यांच्या विचारांचा विस्तार म्हणतो. डुबॉइस आणि आंबेडकर यांच्याच बाबतीत ते जीवन अपात्रतेचा दाखला कसं ठरतं? या प्रश्नाचं उत्तर मला अजून एकाही आक्षेपकाने दिलेलं नाही.

तिसरा ‘फक्त’ माझ्या जिव्हारी सर्वांत जास्त लागतो, कारण तो आपल्याच घरात उच्चारला जातो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. त्या वेळी डरखाइम हयात होता. वेबरचे हिंदू धर्मावरचे लेख त्याच काळात, १९१६-१७ मध्ये, छापले जात होते आणि वेबरने भारतात पाऊलही टाकलेलं नव्हतं. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली निघाला. म्हणजे आंबेडकर या शास्त्रातले उत्तरकालीन भाष्यकार नाहीत. संस्थापकांचे समकालीन आहेत.

निबंधातला युक्तिवाद नीट पाहावा. भारतात एकाच गोत्रात लग्न न करण्याची प्रथा जुनी. तिच्यावर गटाबाहेर लग्न न करण्याचं बंधन लादलं गेलं, आणि जात तयार झाली. पण गट बंद ठेवायचा तर लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळली पाहिजे. नवरा मेला की गटात एक स्त्री ‘जास्तीची’ होते. तिने गटाबाहेर लग्न केलं तर भिंत फुटते, गटात केलं तर दुसऱ्या मुलीचा नवरा जातो. मग तिला नवऱ्याबरोबर जाळा, नाही तर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेली की पुरुष ‘जास्तीचा’ होतो. त्याला जाळता येत नाही, संन्यासी ठेवणं अवघड, मग त्याच्यासाठी पुढच्या पिढीतली अजाण मुलगी आणा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह: ज्या तीन चालींभोवती आपल्या सुधारकांचं एक शतक गेलं, त्या तिन्ही एकाच यंत्रणेचे भाग आहेत, हे या निबंधाने दाखवलं. त्या चालींना पावित्र्याचं तत्त्वज्ञान नंतर जोडलं गेलं. मग हा नमुना इतर गटांत गाब्रिएल तार्दच्या अनुकरणाच्या नियमांनी कसा पसरला, तेही त्यांनी मांडलं. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या. केतकरांचं त्यांनी कौतुक केलं आणि जन्माने मिळणारं सभासदत्व आणि जातीबाहेर लग्नाची बंदी, ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणं एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हेही दाखवून दिलं. या निबंधात कोणालाही शिव्याशाप नाहीत, कोणतंही आवाहन नाही. माझ्या तिन्ही प्रश्नांना तो पुरून उरतो. हा मजकूर ‘फक्त चळवळीच्या नेत्याचा’ असं म्हणणाऱ्याने तो वाचलेला नाही, असंच मी समजतो.

१९४६ साली आंबेडकरांनी डुबॉइसला पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, आणि डुबॉइसने उत्तर पाठवलं. यादीच्या बाहेर ठेवलेल्या या दोघांनी एकमेकांना ओळखलं होतं.

एक उलटी चूकही मला टाळायची आहे. काँतला खाली उतरवलं की त्या जागी मनू किंवा कौटिल्य बसवायला काहीजण तयारच असतात. मनुस्मृती आज्ञा देते, अर्थशास्त्र राज्य कसं राखावं ते सांगतं. आज्ञा म्हणजे शोध नव्हे. याउलट ट्युनिसला जन्मलेल्या इब्न खल्दूनने १३७७ साली राजघराणी का उभी राहतात आणि का ढासळतात, याचं कारण माणसांच्या गटाच्या एकजुटीत शोधलं आणि ऐकीव इतिहास कसा पारखायचा तेही सांगितलं. तो माझ्या कसोटीला उतरतो. महात्मा फुल्यांच्या बाबतीतही मी फरक करीन. स्पेन्सरचं समाजशास्त्राच्या अभ्यासावरचं पुस्तक आणि फुल्यांची ‘गुलामगिरी’ एकाच वर्षी, १८७३ साली आली. पण ‘गुलामगिरी’ हा लढ्याचा ग्रंथ आहे, त्याला ही कसोटी लावणं अप्रस्तुत. १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मात्र कुणब्याच्या घरातलं दैन्य, सावकार, भट आणि सरकारी कामगार यांची साखळी, विद्येअभावी होणारी लूट हे ज्या तपशिलाने आणि कार्यकारणाने येतं, ते मराठीतलं पहिलं समाजशास्त्रीय लेखन आहे, असं माझं मत आहे. आगरकरांनी स्पेन्सर वाचला, ते आपण अभिमानाने सांगतो. ‘असूड’ त्याच पुण्यात लिहिला जात होता.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. ‘समाजशास्त्राचा जनक कोण’ हा प्रश्न यापुढे विचारू नका. ‘हे नाव कोणी दिलं’ असं विचारा. त्याचं उत्तर काँतच येईल, आणि ते बरोबर असेल. आणि नव्या वर्षाचा पहिला आठवडा त्या मे महिन्यातल्या निबंधाला द्या. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या पहिल्या खंडात तो अगदी सुरुवातीलाच आहे. दोन तासिकांत वाचून होतो.